अनुभवी शेतकऱ्याला पीकविम्याच्या हप्त्यात सवलत का नाही?

महोदय,

आपला आक्षेप असा, की अनुभवाने सोयाबीनचे उत्पादन वाढते असे लेखभर सांगून मी शेवटी इंदूरजवळच्या सांवेरकडे चाळीस वर्षे शेती करणारे आपले काका आणि इंदूरची नोकरी सोडून परवा शेतात उतरलेला माणूस यांना सारख्याच दराने विमा हप्ता लावणे योग्य ठरवतो. हा दुटप्पीपणा आपल्याला खटकला.

अनुभवाचे मोल मला मान्यच आहे. सुमारे १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नये, असा सल्ला इथली, इंदूरची सोयाबीन संशोधन संस्था देते. पण पहिल्या सरीनंतर शेजारी पेरत असताना हात आवरणे आणि पुढे उघडीप मिळताच वाफसा पाहून डोरा (महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी, कोळपे) चालवणे हे सल्ला वाचून येत नाही.

मात्र प्रधानमंत्री फसल विमा योजनेत सोयाबीनचा विमा काकांच्या शेतावर नव्हे, त्यांच्या पटवारी हलक्यावर (एका पटवाऱ्याकडचा गावांचा टापू, आपल्याकडचा तलाठी सजा) बेतलेला असतो. हलक्याच्या मागील ७ वर्षांपैकी उत्तम ५ वर्षांच्या सरासरीला जोखीमस्तराने (त्या सरासरीच्या किती टक्क्यांपर्यंत संरक्षण, ते प्रमाण) गुणून उंबरठा उत्पादन ठरते, आणि यंदाचे सरासरी उत्पादन त्याहून जितके टक्के कमी, तितके टक्के विमा रकमेची भरपाई मिळते. समजा, उंबरठा हेक्टरी १० क्विंटल आहे आणि हलक्याचे उत्पादन ७ आले. तर काकांना स्वतः ९ आणि त्या नवशिक्याला ५ क्विंटल झाले, तरी दोघांनाही ३० टक्केच. कंपनीची जोखीम दोघांबाबत एकच असताना दर वेगळा कशाच्या आधारे लावायचा? अशा वर्षी खरे तर काकाच फायद्यात राहतात.

काकांचेच शेत बुडाले आणि हलका तरला, तर मात्र आपली तक्रार रास्त आहे. गारपीट किंवा शेतात पाणी साचणे यांसारख्या स्थानिक आपत्तीची सूचना ७२ तासांत दिली तर शेतनिहाय पाहणी होते. किडीने गेलेल्या एकट्या शेताला ती सोय नाही.

अमेरिकेत शेतकऱ्याच्या स्वतःच्या ४ ते १० वर्षांच्या उत्पादन-नोंदींवर विमा बेततात. तिथेही किंमत नोंदींना आहे, शेतीत घालवलेल्या वर्षांना नाही. किंबहुना तिथल्या २०१४च्या शेती कायद्याने हप्त्यावरचे जादा अनुदान दिले ते नवशिक्यांना.

‘विम्याला अनुभव कळत नाही’ हे लेखातले माझे वाक्य मात्र ढिले होते, ते मी मागे घेतो. हलक्यातले बहुतेक शेतकरी जाणते झाले की सरासरी चढते आणि तिच्यासोबत उंबरठाही. राहिला प्रश्न स्वतःच्या नोंदींचा: काकांकडे मंडीच्या पावत्या असतीलच, पण माल किती बिघ्यांतून आला हे पावतीवर नसते. त्यांनी ते कुठे वहीत टिपून ठेवले असल्यास ती वही मला पाहायला आवडेल.