नुसते टाके मारून मोकळे!

ग्रिलचं काम द्यायचं म्हटलं की आता अंगावर काटाच येतो. ॲडव्हान्स हातात पडेपर्यंत हे वेल्डिंगवाले गोड बोलणार, नंतर फोनच उचलणार नाहीत. बरं, उशिरा का होईना, काम तरी नीट करा! ठरतो १६ गेजचा पाइप, लावतात १८ चा. गेजचा आकडा वाढला की पाइपचा पत्रा पातळ होतो, हे किती गिऱ्हाइकांना ठाऊक असतं? सांध्याला सलग वेल्डिंग नाहीच, नुसते मधेमधे ठिपक्यांसारखे टाके. वरचा स्लॅग, म्हणजे वेल्डिंगवर जमणारा कडक पापुद्रा, हातोडीनं झाडायचेही कष्ट नाहीत, त्यावरच रेड ऑक्साइड, म्हणजे गंज रोखायचा लाल अस्तराचा रंग, फासतात. मग तो पापुद्रा रंगासकट सुटतो आणि खाली गंज. अहो, त्या ग्रिलला रेलून लेकरं उभी राहतात! तक्रार केली की उत्तर ठरलेलं, "काही होत नाही, साहेब."