'पुण्यात बसून मावळ' या प्रतिक्रियेला उत्तर

दादा (की ताई, टोपणनावावरून कळत नाही), मावळातल्या वस्तीवरच्या माझ्या लेखाला तुम्ही लिहिलंय, 'नद्यांनी गावं वसवली म्हणे! गावं सगळी चढावर आहेत, नदीकाठी घर दाखवा. पुण्यात पंख्याखाली बसून मावळ लिहू नये. अभ्यास वाढवा.' पुढे वतनदार, धरणं, धनगरवाडे यांवरूनही झोडपलंय.

पंख्याचं आधी. माझं आजोळ मोसे खोऱ्यातलं. ते गाव वरसगाव धरणाच्या पाण्याखाली गेलं, म्हणून पुण्यात बसतो. कुठे बसायचं ते आम्हाला कुणी विचारलं नव्हतं.

आता चढावरची घरं. अहो, तेच तर लिहिलंय! नदीकाठ सपाट आणि गाळाचा, म्हणून तिथे भातखाचरं. अशी जमीन खोऱ्यात मुळात चिंचोळी. तिच्यावर घर बांधून खाणार काय? त्यात घाटमाथ्याचा पाऊस. पुण्यात वर्षाला ७०० मिलिमीटरच्या आसपास पडतो, लोणावळ्यात ४,००० च्या वर. आषाढात नदी खाचरांच्या बांधांवरून वाहते. आजीचं घर खाचरांच्या वर आणि झऱ्याच्या जरा खाली होतं. राब भाजायला, म्हणजे भाताचं रोप टाकायची जागा भाजायला, शेण-पाला डोक्यावरून उतारानं खाली न्यायचा, लावणीला इरलं घेऊन खाली जायचं आणि दिवसभर वाकून झाल्यावर तोच चढ चढून चूल पेटवायची. हौस म्हणून कुणी असं घर बांधत नाही. काठ भाताला लागत होता म्हणून घर वर गेलं. हे नदीनं केलं नाही तर कुणी केलं?

'गावं देशमुखांनी बसवली,' म्हणता. बरं. पण देशमुख घराणीच बघा: जेधे रोहिड खोऱ्याचे, बांदल हिरडस मावळाचे, पासलकर मोसे खोऱ्याचे. डोंगराची धार ओलांडली की नदीचं खोरं बदलतं आणि वतनदारही बदलतो, तो का, हे तुमच्या अभ्यासात आलं असेलच. यावर जास्त लिहीत नाही.

धनगरवाड्यांना मी एकच ओळ दिली, ती तोकडी होती, मान्य. पठारावर वस्ती गुरांचा चारा बघून होते, त्यावर सवडीनं लिहीन. धरणं हा लेखाचा विषयच नव्हता.

आणि एक. टोपणनावाआडून दुसऱ्याचा पत्ता काढणाऱ्यांनी आपलं गाव कुठल्या खोऱ्यातलं, तेवढं तरी सांगावं. मी सांगितलंय.