एक मासा वजनाचा गळ

अमेरिकेतल्या मिनेसोटात राहून मासे न पकडणाऱ्या माणसाकडे इथले लोक जसे बघतात, तसे आपल्याकडे पंढरपुरात राहून कधी देवळात न गेलेल्या माणसाकडे बघत असतील. रागाने नाही, काळजीने. घरी सगळं ठीक आहे ना, अशा नजरेने. इथल्या गाड्यांच्या नंबरप्लेटवरच छापलेलं असतं, दहा हजार तळी. प्रत्यक्षात दहा एकर किंवा त्याहून मोठी तळी मोजली तर ती 11,842 भरतात. वरची अठराशे कुणी बोलून दाखवत नाही, कारण फुशारकी मारणं इथे वाईट दिसतं. हातभर मासा पकडला तरी ‘नॉट टू बॅड’ म्हणायचं आणि गप्प बसायचं. आणि एखादी गोष्ट अगदीच आवडली नाही, तर ‘दॅट्स डिफरंट’ म्हणायचं. या दोन शब्दप्रयोगांवर इथे अख्खं आयुष्य निघतं.

त्यात मी देवगडचा. शेजारच्या आजोबांना एकदा बोलता बोलता सांगून बसलो, की माझं गाव समुद्रकाठी आहे आणि लहानपणी रोज संध्याकाळी मी जेटीवर मासे गरवायला जायचो. तेव्हापासून दर मे महिन्यात ते कुंपणापाशी येऊन विचारतात, “मग, यंदा?” बारा वर्षं मी “बघू” म्हणत आलो. यंदा काय झालं कोण जाणे, “हो, काठी घेतोय,” असं तोंडातून निघून गेलं.

“कशासाठी?” आजोबांनी विचारलं.

“माशांसाठी,” मी म्हणालो.

आजोबांनी चष्मा काढला, शर्टाला पुसला आणि परत लावला. मग त्यांनी मला समोर उभं करून शिकवणी घेतली. मासे दोन प्रकारचे. एक पॅनफिश. हे एका माशाचं नाव नाही, ही खाणाऱ्याने केलेली विभागणी आहे. तव्यात अख्खा मावतो तो पॅनफिश. ब्लूगिल, पंपकिनसीड, क्रॅपी, पर्च अशी सगळी तळहाताएवढी मंडळी त्यात आली. दुसरा वॉलाय. तो 1965 पासून इथला राज्यमासा आहे. त्याच्या डोळ्यांत मांजरासारखा चमकणारा थर असतो, त्यामुळे त्याला अंधुक उजेडात चांगलं दिसतं आणि तो तिन्हीसांजेला जेवायला निघतो. मे महिन्यात वॉलायचा मोसम उघडतो, त्या शनिवारी अख्खं राज्य पाण्यावर असतं. 1948 पासून गव्हर्नरही रीतसर गळ टाकायला जातात. हा मुहूर्त बहुतेक वेळा मदर्स डेच्याच शनिवार-रविवारी येतो, त्यामुळे इथल्या कितीतरी आया तो दिवस एकट्याच साजरा करतात.

“मला दोन्हींसाठी एकच काठी हवी,” मी म्हणालो. ही अट माझी नव्हती. आमच्या गॅरेजमध्ये स्नोब्लोअर आहे, त्यावर घडीची ट्रेडमिल आहे आणि त्यावर गेल्या गणपतीतलं मखर आहे. बायकोने बजावलं होतं, “काठी एक. एकच.”

आजोबा बराच वेळ तळ्याच्या दिशेला बघत राहिले. मग म्हणाले, “ते जरा डिफरंट होईल.”

दुकानात गेलो तर भिंतीला टेकून अडीचशे-तीनशे काठ्या उभ्या होत्या. त्यांच्यासमोर सहा-सात पुरुष. प्रत्येक जण एक काठी उचलायचा, हातभर पुढे धरायचा, तिला दोन झटके द्यायचा, शेंडा थरथरताना एकटक बघायचा, “हं” म्हणायचा आणि परत ठेवायचा. आपण कलिंगडावर टिचकी मारतो ना, अगदी तसं. त्या टिचकीतून नेमकं काय ऐकायचं असतं हे मला आजवर कळलेलं नाही, पण मारल्याशिवाय कलिंगड घेतलं असंही कधी झालेलं नाही. मीही एक उचलली, झटके दिले, “हं” म्हणालो. शेजारच्या माणसाने मान डोलावली. मग लक्षात आलं, की मी काठी उलटी धरली होती.

विकायला उभी असलेली मुलगी विशीतली होती, आणि वॉलाय पकडायला शाळेत जायच्या आधी शिकली असावी. तिने पहिला प्रश्न विचारला, “पॉवर कुठली? आणि अ‍ॅक्शन?”

मला वाटलं होतं, हे एकच. तिने समजावलं. काठी वाकवायला किती जोर लागतो ती पॉवर, आणि काठी कुठे वाकते ती अ‍ॅक्शन. अल्ट्रालाइट पॉवर म्हणजे फुंकर घातली तरी वाकणारी. फास्ट अ‍ॅक्शन म्हणजे फक्त टोकाशी वाकणारी. पुण्यातल्या आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी मला आठवले. भेटलं की शेंडा लगेच लवतो, बुंधा मात्र वीस वर्षांत जागचा हललेला नाही. फास्ट अ‍ॅक्शन, हेवी पॉवर.

मग वजनं. अल्ट्रालाइट काठीच्या दांड्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, दोरी 2 ते 6 पौंड (म्हणजे तुटण्याआधी इतका ताण सोसणारी), गळ 1/32 ते 1/4 औंस. पावकी-निमकी तिसरीत पाठ केली होती, पण बत्तिसाव्या भागाचा पाढा आमच्या मास्तरांनी शिकवला नव्हता. खिशातला फोन काढून हिशोब केला. औंस 28 ग्रॅमचा, त्याचा बत्तिसावा भाग म्हणजे जेमतेम 0.9 ग्रॅम. हे माप सोनाराच्या दुकानातलं. आठ गुंजांचा एक मासा आणि बारा माशांचा एक तोळा, या हिशोबाने हा गळ भरतो जवळजवळ एक मासा. म्हणजे मासा पकडायला मासाभर गळ. मी तिथे एकटाच खुदकन हसलो. त्या मुलीला हे समजावून सांगायचा मोह झाला. आवरला. तरी चेहऱ्यावरून तिला वाटलंच, की किंमत बघून गिऱ्हाईक हललं.

खरी अडचण पुढे होती, आणि ती तोंडाची होती. क्रॅपीचं तोंड इतकं पातळ असतं, की इथले लोक त्याला ‘पेपरमाउथ’ म्हणतात. जरा जोरात हिसका दिला की ओठ फाटतो आणि मासा जातो. म्हणून त्याला मऊ, लवचिक, समजूतदार काठी लागते. वॉलायचं तोंड हाडाचं, दातेरी. त्याला वेळेवर आणि ठणठणीत हिसका दिला नाही तर गळ रुततच नाही. शिवाय वॉलाय आमिष झडप घालून घेत नाही. नुसतं तोंडात धरून ठेवतो, आणि काठीवर एक हलकंसं जडपण येतं. ते कळायला काठीचा शेंडा फार तरल हवा. एकीकडे ‘हळू हो’, दुसरीकडे ‘जोर लाव’. सुनेने आणि सासूने एकाच माणसाला एकाच वेळी केलेल्या सूचना.

“साडेसहा फुटी, लाइट पॉवर, फास्ट अ‍ॅक्शन घेतली तर दोन्हींचं चालून जाईल,” ती मुलगी म्हणाली. मग थोडं थांबून, “म्हणजे दोन्हींचं थोडं थोडं चुकेल.”

इतका प्रामाणिक विक्रेता मी पहिल्यांदाच बघत होतो. त्यामुळे निर्णय आणखी लांबला. ग्रॅफाइट की फायबरग्लास? ग्रॅफाइट हलकं आणि तरल, पण वीज कडाडताना हातात धरू नये. मूठ कॉर्कची की फोमची? एकसंध की दोन तुकड्यांची? जाणकारांच्या मते सांध्यापाशी माशाची हालचाल थोडी हरवते. एकसंध काठी आवडली, म्हणून मी पार्किंगमध्ये जाऊन टेपने गाडी आतून मोजली. डॅशबोर्डच्या उजव्या कोपऱ्यापासून दोन सीटांमधून मागच्या डाव्या काचेपर्यंत. काठी मावत होती, फक्त गिअर टाकता येत नव्हता. आत येऊन हे सांगितल्यावर ती मुलगी शांतपणे म्हणाली, की काठ्या माशांपेक्षा गाडीच्या दारांनी जास्त मोडतात. आणि घरातल्या छताच्या पंख्यांनी.

शेवटी, मुंबईत लग्नाची साडी घेताना लोक करतात तेच केलं. घरी फोन लावला. देवगडला रात्रीचे अकरा वाजले होते. व्हिडिओवर बाबांना सगळी भिंत दाखवली. त्यांनी नीट बघितली आणि म्हणाले, “झिला, काठी कित्याक व्हयी? थंय तंगूस गावना नाय?” तंगूस म्हणजे गळाची नायलॉनची दोरी.

बाबांचं सगळं सामान एका प्लास्टिकच्या बाटलीला गुंडाळलेलं असायचं. पन्नास हात तंगूस, वजनाला गंजका नट, टोकाला गरी आणि त्यावर सोललेली कोलंबी. तंगूस तर्जनीवरून सोडायचं आणि बोट हलवायचं नाही. खाली माशाने नुसतं हुंगलं तरी बोटाला कळायचं. इथे त्याच गोष्टीला ‘सेन्सिटिव्हिटी’ म्हणतात आणि ती दीडशे डॉलरच्या पुढे सुरू होते. पण बोट कितीही तरल असलं, तरी मासाभर वजनाचा गळ तीस फूट लांब फेकता येत नाही. त्यासाठी काठी लागते. हे मी बाबांना पटवत होतो तोवर त्यांना झोप लागली.

परवाना काढायला काउंटरवर गेलो, तिथे माझं नशीब फिरलं. एक म्हणजे, मिनेसोटात बर्फ नसताना बहुतेक तळ्यांवर एका माणसाला एकच दोरी टाकता येते. म्हणजे दोन काठ्या घेतल्या तरी एकाच वेळी दोन वापरता येणार नाहीत. दुसरं म्हणजे, इथे नवरा-बायकोचा एकत्र परवाना मिळतो, आणि दोन वेगवेगळे काढण्यापेक्षा तो स्वस्त पडतो. स्वस्त हा शब्द ऐकला आणि माझ्या डोक्यात सगळं एकदम जुळलं. परवाना दोघांचा, म्हणून काठ्या दोन. वॉलायची मीडियम-लाइट मला, पाच फुटी अल्ट्रालाइट तिला. एक माणूस, एक काठी. अट मोडलेली नाही.

बायकोने पावती दोनदा वाचली. “माझ्यासाठी आणलीस?” तिने विचारलं. हा प्रश्न आमच्याकडे साधारण प्रेशर कुकर आणल्यावर विचारला जातो.

जूनच्या एका संध्याकाळी घराजवळच्या तळ्यावर, लाकडी धक्क्यावर जाऊन उभे राहिलो. डास होते. इथे त्यांना गमतीने राज्यपक्षी म्हणतात. बायको कोथरूडची. तिने आयुष्यात मासा पाहिला तो थेट ताटात. तिने अल्ट्रालाइट हातात घेतली, मी सांगितलं तसा मासाभर गळ फेकला आणि तिसऱ्या मिनिटाला एक ब्लूगिल वर आणलं. काळुंदरासारखं चपटं, गोल, कल्ल्यांशी निळी झाक. मग दुसरं. मग चौथं. तळहाताएवढ्या माशाने ती काठी अशी कमान व्हायची, की लांबून कुणाला वाटावं पाणघोडा लागलाय. माझ्या दुप्पट किमतीच्या काठीला कुणी ढुंकूनही विचारत नव्हतं.

“दे जरा,” मी म्हणालो.

“तुझी तुला आहे ना?”

अंधारू लागलं. मी तिच्या गळाला गांडुळाचा मोठा तुकडा लावला आणि वॉलायची वेळ झाल्याचं जाहीर केलं. दहा मिनिटांनी तिची काठी वाकली, वाकतच गेली, मुठीपर्यंत आली. रीळ कर्रर्र करून दोरी सोडू लागलं. दोरी अवघी 4 पौंडाची. मी ओरडत होतो, सोड, ओढू नकोस, ओढ, सोड! धक्क्यावरची माणसं आपापल्या काठ्या टेकवून जवळ आली. कुणीतरी हळूच म्हणालं, “वॉलाय.” पाच मिनिटांनी पाण्यावर काहीतरी काळं आलं, रुंद तोंडाचं, मिशावालं.

“बुलहेड,” तोच आवाज म्हणाला, आणि सगळे पुन्हा आपापल्या जागी गेले. बुलहेडला इथे फारसं कुणी विचारत नाही. नियमांच्या पुस्तकात वॉलायला दिवसाची मर्यादा बोटांवर मोजण्याइतकी आहे, बुलहेडला शंभर. यावरून काय ते समजावं.

मी मात्र वाकून बघतच राहिलो. मिशा, गुळगुळीत अंग, बाजूला दोन आणि पाठीवर एक काटा. गोड्या पाण्यातला शेंगाळाच की हा! हात आपोआप पुढे गेला, बोटं काट्यांच्या मागे बरोबर बसली. तीस वर्षांत पहिल्यांदा. मासा करकरला. आमच्या जेटीवरचे करकरायचे, अगदी तसा. “सोडायचा ना?” बायकोने विचारलं. मी म्हणालो, “वेडी आहेस का? घरी तिरफळं आहेत.”

दुसऱ्या दिवशी दुपारी आजोबा कुंपणापाशी आले. “मग?”

मी त्यांना आत बोलावलं, वाटीभर कालवण आणि भात पुढे ठेवला. पहिल्या घासाला त्यांचे कान लाल झाले. दुसऱ्याला कपाळावर घाम आला. तिसऱ्या घासाला तिरफळ दाताखाली आलं असावं, कारण ते बराच वेळ काही बोललेच नाहीत, नुसते खिडकीतून तळ्याच्या दिशेला बघत राहिले.

“डिफरंट,” ते अखेर म्हणाले, आणि रिकामी वाटी पुढे केली.