दीड नाराज माणूस

आमच्या ऑफिसात ‘ॲडमिन’ नावाचं एक खातं आहे. म्हणजे मीच. खुर्च्या, दिवे, प्रिंटर, नळ, एसी आणि साहेबांच्या केबिनचं करकरणारं दार एवढी माझी जहागीर. सकाळी आत पाऊल टाकतो न टाकतो तोच कुणीतरी म्हणतं, “बरं झालं भेटलात!” या वाक्यापुढे आजवर काहीही बरं ऐकू आलेलं नाही.

सगळ्यात जुनं दुखणं एसीचं. हिशेब विभागातल्या एक मॅडम बारा महिने स्वेटर घालून बसतात आणि त्यांच्या शेजारचे गृहस्थ बारा महिने फाइलीनं वारा घेतात. दोघांमध्ये अंतर एका टेबलाचं. मी रिमोट हातात घेतला की मॅडम म्हणतात, “अहो, माणसं आहोत आम्ही, फ्रीजमधली भाजी नाही.” रिमोट खाली ठेवला की गृहस्थ कॉलर सैल करतात आणि छताकडे बघून सुस्कारा टाकतात. तसं या दोघांचं एकमेकांशी पटत नाही. पण माझ्याविरुद्ध साहेबांना पाठवलेल्या अर्जावर दोघांच्याही सह्या आहेत, आणि त्यासुद्धा शेजारी शेजारी.

हा प्रश्न जगभर कसा सोडवतात ते मी शोधून काढलं. पोल ओले फँगर नावाच्या डॅनिश शास्त्रज्ञानं माणसाला सुखाचं तापमान कोणतं, याचा सारा हिशेब मांडून 1970 साली प्रसिद्ध केला. हवेचं तापमान, दमटपणा, वारा, अंगावरचे कपडे, कामाची धावपळ, सगळं त्यात आहे. निष्कर्ष असा, की या सगळ्याचा अगदी अचूक मेळ साधला तरी शंभरातली पाच माणसं नाराज राहणारच. पाचाच्या खाली हा आकडा जात नाही. मला तर भरून आलं. माझ्या बाजूनं बोलणारं कुणीतरी निघालं, आणि तेही सूत्रासकट! तो कागद मी नोटीस बोर्डावर लावला.

दुपारी गृहस्थ आले. “आपला स्टाफ तीस. पाच टक्के म्हणजे दीड माणूस. इथं अकरा जण वैतागलेत. बाकीच्या साडेनऊ जणांचं काय ते बोला.”

आणि हो, नोटीस बोर्डाच्या टाचण्या गंजल्यात, हेही जाता जाता सांगून गेले.

प्रिंटर दुरुस्त केला तर “आता आवाज जरा जास्त येतो, नाही?” दिवा बदलला तर “डोळ्यांवर येतो.” नळाची गळती थांबवली त्या दिवशी मात्र कुणी काही बोललं नाही, तेव्हा मीच घाबरून दोनदा जाऊन नळ बघून आलो. हीच माणसं लिफ्टमधल्या रेकॉर्ड केलेल्या बाईला ‘थँक्यू’ म्हणताना मी स्वतः ऐकलं आहे.

यालाही शास्त्र आहे. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी इंजिनिअर आणि हिशेबनीस यांच्या मुलाखती घेऊन 1959 साली असं मांडलं, की पगार, कामाची जागा, कंपनीचे नियम या गोष्टी वाईट असल्या तर माणूस कुरकुरतो. चांगल्या असल्या तर कुरकुर थांबते, पण खूश होत नाही. खुशी वेगळ्याच गोष्टींतून येते: हातून काही घडणं, जबाबदारी, कौतुक. थोडक्यात, मी जीव तोडून काम केलं तर माझी जास्तीत जास्त मजल शून्यापर्यंत. त्याच्या वरचे मार्क माझ्या पेपरात छापलेलेच नाहीत.

तक्रार टिकते मात्र दगडासारखी. ब्रिटिश म्युझियममध्ये मातीची एक पाटी आहे, इसवी सन पूर्व 1750 च्या सुमाराची. आजच्या इराकमधल्या उर या प्राचीन शहरातल्या एआ-नासिर या व्यापाऱ्याला नान्नी नावाच्या गिऱ्हाइकानं झापलंय: तांबं हलक्या प्रतीचं दिलंस आणि वर माझ्या माणसाला अपमान करून परत पाठवलंस. एआ-नासिरवर वैतागलेल्या इतरांच्याही पाट्या सापडल्या आहेत. त्यानं कधी एखादा चोख माल पाठवला असेलही, पण त्यासाठी माती कोण मळणार? आणि तोही तक्रारी जपून ठेवत होता असं दिसतं. खरा ॲडमिनवाला!

परवा तर कहर झाला. जुन्या खुर्च्यांनी पाठी मोडल्या म्हणून वर्षानुवर्षं ओरड होती. साहेबांमागे भुणभुण करून मी नव्या आणवल्या आणि जुन्या गोडाउनात टाकल्या. पहिल्याच दिवशी शिष्टमंडळ हजर. नव्या खुर्च्या ‘फार सरळ’ आहेत. शिवाय जुन्या खुर्च्यांना माणसाची सवय झाली होती. “आणि तुम्ही विचारलंत का कुणाला?” विचारलं होतं. फॉर्म भरून घेतले होते. फॉर्मवर ‘इतर सूचना’ या रकान्यात बहुतेकांनी एसीबद्दल लिहिलं होतं.

आता जेवणाच्या सुट्टीनंतर निम्मा स्टाफ दिसत नाही. शोधत गेलो तर सगळे गोडाउनात, आपापल्या जुन्या खुर्चीवर टेकून निवांत गप्पा मारत बसलेले. मला बघून मॅडम म्हणाल्या,

“बरं झालं भेटलात. इथं उजेड फार कमी आहे हो.”