लॉज नंतर बघा, आधी गेट ठरवा!

उन्हाळा जवळ आला की आमच्या ग्रुपवर एकच प्रश्न सुरू होतोय, "ताडोब्याला चाललोय, चांगलं रिसॉर्ट सांगा की." की पडल्याच धडाधड लिंका, स्विमिंग पूलचे फोटो, झोपाळ्याचे फोटो, कुणाच्यातरी साडूच्या ओळखीनं डिस्काउंट. अरे पण आत कुठल्या गेटनं जाणार ते सांगा ना आधी! ते कोण विचारतच नाही. पोटतिडकीनं लिहितोय कारण दोन वर्षांपूर्वी हा शहाणपणा मी स्वतः करून बसलोय.

आम्ही दोन फॅमिली, सहा जण, म्हणजे बरोबर एक जिप्सी (सफारीची उघडी गाडी). मोहर्लीजवळचं रिसॉर्ट बघितलं, ॲडव्हान्स भरला, आणि मग निवांत सफारी काढायला बसलो तर मोहर्लीचं कोर, म्हणजे आतलं मुख्य जंगल, फुल्ल. रिसॉर्टवाला फोनवर म्हणतोय, टेन्शन घेऊ नका सर, कोलारा गेटचं मिळतंय, जंगल एकच आहे. एकच आहे हो, पण मोहर्ली एका टोकाला, कोलारा दुसऱ्या टोकाला, आणि आपली गाडी घेऊन मधनं थोडीच जाता येतंय, बाहेरनं भद्रावती, वरोरा, चिमूर असा वळसा मारायचा. कोल्हापुरातनं महाराष्ट्र एक्सप्रेसनं चोवीस तासांच्या वर बसून नागपूर, तिथनं पुढं गाडी, असं अंग मोडून पोचलो आणि रात्री जेवताना ड्रायव्हर येऊन सांगतोय, "साहेब, उद्या कोलारा ना? मग तीनले निघा लागते." मेव्हण्याचा घास हातातच राहिला.

दोन दिवस सकाळी तीनला उठलो. पोरं जिप्सीत बसल्या बसल्या झोपली, एकाचं डोकं दांडीवर आपटतंय, सौ. माझ्याकडं बघतीय, आणि गाईड बिचारा जीव तोडून पगमार्क, म्हणजे वाघाच्या पावलांचे ठसे, दाखवतोय. चितळ, सांबर, रानकुत्री दिसली, वाघ नाही. त्यात फोटो बघून ज्याच्यासाठी जास्तीचे पैसे मोजले त्या पूलमध्ये कोण उतरलंच नाही, कारण चंद्रपूर जिल्ह्यात मे महिन्यात पारा 45 च्या वर जातोय, दुपारचं पाणी म्हणजे नुसता चहा.

शेवटच्या दुपारी आगरझरी बफरची, म्हणजे कोरच्या भोवतीच्या बाहेरच्या जंगलाची, सफारी होती, लॉजपासनं हाकेच्या अंतरावर. बफर म्हणून मी नाकच मुरडलं होतं. डोक्यावर ओला पंचा, तोंडात धूळ, पाणवठ्याजवळ गाडी बंद करून बसलो. वानर एकदाच खाकरलं, धोक्याचा इशारा, मग सगळं गप्प. आणि बांबूतनं वाघीण आली, घाई नाही काय नाही, पाण्यापाशी येऊन वळली आणि मागनं, बुडाकडनं हळूहळू पाण्यात बसली. डोळ्यात पाणी जाऊ नये म्हणून वाघ असं उलटं उतरतात, गाईडनं कुजबुजत सांगितलं. मोबाईल जवळ नव्हता, गेटवरच जमा केलेला, म्हणून माझं पोरगं आयुष्यात पहिल्यांदा वीस मिनिटं सलग एकाच गोष्टीकडं बघत बसलं 😄

तर माझं म्हणणं एवढंच की उलटं सुरू करा. आधी तारीख, मग त्या तारखेला कुठल्या गेटचं परमिट मिळतंय ते वनखात्याच्या साईटवर बघा, परमिट हातात आलं की त्या गेटपासनं अर्ध्या तासाच्या आतला लॉज शोधा, साधा असला तरी चालतोय. मोहर्लीत एमटीडीसीचं आहे, गावात होमस्टे आहेत. फोनवर काय विचारायचं? दुपारी लाईट गेली तर जनरेटर आहे का, पहाटे निघताना नाष्टा बांधून देणार का, आणि रात्री डीजे लावता का! तिसऱ्याला "हो सर, पार्टी पण करता येते" असं उत्तर आलं की फोन ठेवायचा. आणि मंगळवारी कोर बंद असतंय, ते विसरून सोमवार-मंगळवारची रूम घेणारे आपल्यातच हाईत, नावं घेत नाही.

सीझनचं म्हणाल तर लोक म्हणतात थंडीत जावा, सुखाचं असतंय. सुखाचं आहे खरं, जंगल देखणं, तळ्यावर पाहुणे पक्षी, पण पहाटे उघड्या जिप्सीत दात वाजतात आणि गवत, बांबू एवढा दाट की दहा फुटावरचं जनावर दिसत नाही. वाघच बघायचा असला तर एप्रिल-मे, सागाची पानं झडलेली असतात, पाणी चार ठिकाणी उरतंय आणि सगळ्यांना तिथंच यावं लागतंय. म्हातारी माणसं, लहान पोरं असली तर मार्च बरा, पळस फुललेला असतोय आणि ऊन अजून माणसात असतंय. 1 जुलै ते 30 सप्टेंबर कोर बंद, तेव्हा पावसाळी ऑफर बघून भुलू नका, बफर तेवढं मिळेल.

आणि एवढं लांब जायच्या आधी दाजीपूर बघितलंय का? 1958 पासनं अभयारण्य आहे, त्याआधी शाहू महाराजांचं शिकारीचं जंगल, आपल्या दारात, कोल्हापूरपासनं ऐंशी किलोमीटरच्या आसपास. माझ्या ऑफिसातल्या चौघांनी ताडोबा केलाय आणि राधानगरीच्या पुढं गेलेले नाहीत, हे मला पटत नाही. तिथं वाघासाठी जायचं नाही, गव्यासाठी जायचं. हिवाळ्यात, पहाटे नाहीतर दिवस मावळताना. पावसाळ्यात बंद असतंय, आणि तसंही जळवा सोडत नाहीत.

यंदा परत चाललोय, एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात. परमिट काढून झालं, एक सकाळ मोहर्ली कोर, एक दुपार आगरझरी. लॉज अजून बघितलेला नाही. सौ. कालपासनं विचारतीय, पूल आहे का तिथं.