सदाफुली औषधी आहे, पण निर्धोक नव्हे
बाल्कनीतील झाडांवरच्या या लेखात सदाफुली ‘औषधी असल्यामुळे कुत्र्यामांजरांना निर्धोक’ असल्याचे म्हटले आहे, ते पटले नाही. मूळच्या मादागास्करच्या या झाडापासून व्हिन्क्रिस्टीन आणि व्हिनब्लास्टीन ही कर्करोगावरील औषधे मिळतात हे खरे. परंतु ती पेशींचे विभाजन रोखतात म्हणूनच उपयोगी पडतात, आणि कुत्र्यांच्या काही गाठींवर पशुवैद्य व्हिन्क्रिस्टीन देतात तेही मात्रा काटेकोर मोजून, थेट शिरेतून. कुंडीतल्या पानांची मात्रा कोण मोजणार? झाडाचे सर्वच भाग विषारी असून ते खाल्ल्यास उलट्या, जुलाब होतात, रक्तदाब उतरतो आणि जास्त खाल्ले गेल्यास झटकेही येऊ शकतात.

चव कडू असल्याने प्राणी सहसा फार खात नाहीत. नेरूळच्या आमच्या घरी मांजरीने ग्रिलमधल्या सदाफुलीचे एक पान दातांनी चिरले आणि तोंड वेडेवाकडे करून टाकून दिले, तरी तिची लाळ बराच वेळ गळत होती. पशुवैद्यांनी फोनवर पहिला प्रश्न झाडाच्या नावाचा विचारला. ती कुंडी आता सोसायटीच्या फाटकाशी आहे (तिथे ती अधिकच फुलली, हे वेगळे), आणि ग्रिलमध्ये जास्वंद आली आहे, जी सहसा बाधत नाही.

लेखात कण्हेरीचा उल्लेखच नसणे मात्र अधिक खटकले. तिच्यातील विष हृदयाचे ठोके बिघडवते आणि सुकलेल्या पानांतही ते टिकून राहते, त्यामुळे छाटणीनंतर रस्त्याकडेला पडलेल्या फांद्यांपासून फिरायला नेलेल्या कुत्र्याला दूर ठेवावे.