वायर

आज डोकं फिरलंय, पोस्ट लांबणार. ज्यांना कंटाळा येईल त्यांनी पुढे सरका.

सोसायटीच्या गणपतीत भाच्याचा तबला होता. पठ्ठ्याने तबल्याला छोटा माइक चिकटवला, एक डबी जोडली, लॅपटॉप उघडला. जेमतेम पाच मिनिटं वाजवलं असेल. एक काका उठले, तरातरा बोर्डापाशी गेले आणि वायर उपटली. "अरे, तबला वाजव की! हे कुईकुई कशाला?" लोक हसले. वायरीपेक्षा मला ते हसू लागलं.

आठ वर्षं पोरगा पहाटे उठून तबल्याचे कायदे, म्हणजे ठरलेल्या बोलांच्या रचना, घोटतोय. ती डबी काय करते माहितेय? लय मिनिटाला १२० मात्रांची, म्हणजे एक मात्रा (ठोका) अर्ध्या सेकंदाची. समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, 'ना' हा बोल वाजला की त्याचा पडसाद दर पाऊण मात्रेने परत येतो आणि चौथा पडसाद नेमका चौथ्या मात्रेवर बसतो. मधल्या फटींत याने आपले बोल भरायचे. लय केसभर हलली तर डबी ती चूक चार वेळा ऐकवते. आणि म्हणे मशीन वाजवतंय!

उत्कर्ष काळे हे नाव ऐकलंय? जग त्याला कर्श काळे म्हणतं. जन्म इंग्लंडातला, वाढला न्यूयॉर्कमध्ये, ड्रम्सही वाजवतो आणि तबलाही. त्या तबल्याला वीज जोडून २००१ साली त्याने पहिला अल्बम काढला. त्याच्या आदल्याच वर्षी अमेरिकन निर्माता बिल लॅसवेलच्या 'तबला बीट सायन्स' या गटात हा पंचविशीतला पोरगा झाकीरभाई (झाकीर हुसेन), त्रिलोक गुर्टू आणि तल्विन सिंग अशा तालवादकांच्या पंगतीला बसला होता. झाकीरभाईंनी नाही उपटली कुणाची वायर.

आणि त्रिलोक गुर्टू? आपल्या ठुमरीवाल्या शोभा गुर्टूंचा मुलगा. जमिनीवर गुडघे टेकून ड्रम्स वाजवतो, शेजारी पाण्याची बादली. घंटा वाजवायची आणि वाजत असतानाच पाण्यात बुडवायची. सूर असा ओघळत खाली जातो की अंगावर काटा येतो. २००४ मध्ये रॉबर्ट माइल्ससारख्या इलेक्ट्रॉनिकवाल्याबरोबरही त्याने अख्खा अल्बम केला. बादली चालते, मग डबीनेच काय घोडं मारलंय?

हो, मान्य. डग्ग्याचा घुमारा स्पीकरमधून मार खातो. आणि हात तयार नसताना डबीमागे लपणारेही आहेत. असतील. आमचा त्यातला नाही.

शिवाय हेच काका विसर्जनाच्या डीजेची वर्गणी मागत दारोदार फिरतात. तिथे खिडक्यांच्या काचा थरथरतात, तेव्हा कुईकुई नाही होत!

जाऊ दे. खरं सांगायचं तर लिहिता लिहिता राग जरा उतरलाय. कार्यक्रम संपल्यावर भाचा वायर गुंडाळत होता, मान खाली. मी काही बोलायला गेले तर "मावशी, नको" म्हणाला. तेवढ्यात काकाच आले. आधी लाडू पुढे केला, मग म्हणाले, "ती डबी करते काय रे?" याने न बोलता वायर लावली आणि हेडफोन त्यांच्या कानावर चढवला. काकांनी एका बोटाने तबल्याच्या चाटेवर, म्हणजे कडेवर, टिचकी मारली. थांबले. परत मारली. तिसऱ्यांदा मारली तेव्हा मान हलायला लागली होती.

माफी वगैरे काही मागितली नाही हं. जाताना मला म्हणाले, "डीजेचे दोन हजार राहिलेत तुमचे."

दिले.